सातबाऱ्याची घडण आणि संगणकाची आज्ञावली

सातबारा उतारा हा वस्तुतः एक नमुना नव्हे. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन्ही एकत्र येऊन तो सिद्ध होतो. 1960 च्या दशकात नॉर्वेतील डाल व नायगार्ड यांच्या सिम्युला भाषेतून उगम पावलेल्या 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' पद्धतीत अशीच घडण अभिप्रेत असते. क्लास म्हणजे कोरा छापील नमुना. ऑब्जेक्ट म्हणजे तो भरून झालेली नोंद. नमुन्याच्या रकान्यात केवळ अंक वा अक्षरेच असावीत असे नाही. तेथे दुसऱ्या नमुन्याची संपूर्ण नोंदही बसविता येते.

सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यातील 2 हेक्टर 40 आर क्षेत्राचा एखादा गट कल्पावा. त्यात 1 हेक्टर 60 आर ज्वारी, 60 आर डाळिंब, उरलेले 20 आर पड. गट क्रमांक व क्षेत्र हे 'गट' या क्लासचे साधे रकाने. पिके मात्र 'पीकनोंद' या क्लासचे ऑब्जेक्ट. पिकाचे नाव कोरे असल्यास ती नोंद स्वतःच नकार देते. पिकांची बेरीज गटाच्या क्षेत्राबाहेर जाते काय, हे पाहणे गटाचे काम. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर नोंद करू लागला. तेव्हा चूक जागच्या जागी अडणे अगत्याचेच.

खातेदाराचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्याचे तीन गट असतील आणि प्रत्येकात नावाची वेगळी प्रत ठेवली, तर दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते. एक ठिकाण राहून गेले की पीककर्जाच्या किंवा नुकसानभरपाईच्या वेळी एकाच मनुष्याची दोन माणसे होतात, आणि हेलपाटे मात्र त्या एकालाच पडतात! म्हणून गटात प्रत न ठेवता खातेदाराच्या मूळ नोंदीचा निर्देश ठेवावा. गाव नमुना 8-अ मध्ये खातेनिहाय जमिनी एकत्र दिसतात, त्या याच नात्याच्या दुसऱ्या टोकाने.

जमीन विकली गेली तर निर्देश बदलतो. खातेदार नाहीसा होत नाही. पीकनोंदीला मात्र गटावाचून अस्तित्वच नाही. घटक गटाच्या पोटातला की केवळ निर्देशिलेला, हे आज्ञावली लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते. वारसनोंदीसारख्या बाबतीत तर निर्देश बदलण्याची वाट एकच ठेवावी: गाव नमुना 6 मधील प्रमाणित फेरफार.