कॉम्प्युटरचा जुना पहारेकरी काढताना

कुरुळी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांना गणवेशाचे कापड पुरवणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांचे बिल, जीएसटी, ई-वे बिल सारे आता कॉम्प्युटरवर आहे. तो अडला की सुरतेचा माल अडलाच. पुष्कळदा तो व्हायरसने नव्हे, तर दोन अँटिव्हायरसमुळे अडतो. जुन्याची मुदत संपते, नवे बसवले जाते. जुने मात्र कोणी काढत नाही. मग दोघेही प्रत्येक फाईल तपासतात, एकमेकांवरच शक घेतात आणि साधे बिल उघडायला चहा पिऊन होतो.

पडद्यावरचे चित्र पुसले म्हणजे अँटिव्हायरस गेला, असे समजू नये. तो मुद्दामच चिवट बनवलेला असतो. व्हायरसला तो सहज हटवता आला, तर पहारा कसला? म्हणून आधी त्याचे स्वसंरक्षण बंद करावे लागते, पासवर्ड असल्यास द्यावा लागतो. पासवर्ड बहुधा बसवणाऱ्या पोऱ्याकडे असतो, तो मालकाने वहीत टिपून घ्यावा.

आपल्या पुण्याचेच क्विक हील घ्या. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून उभा केलेला हा धंदा २०१६ साली शेअर बाजारात आला. ते काढताना दोन पर्याय येतात : पूर्ण काढा, किंवा लायसन्सची माहिती व अपडेट ठेवून काढा. तेच पुन्हा बसवायचे असेल तर दुसरा, कंपनी बदलायची असेल तर पहिला. प्रॉडक्ट की आधी लिहून ठेवावी. हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करावे आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच नवे बसवावे. मधल्या वेळेत विंडोज १० वा ११ चा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. तरी खात्री करावी. अवशेष राहिलेच तर बहुतेक कंपन्या सफाईचा वेगळा प्रोग्राम फुकट देतात. तो कंपनीच्याच साईटवरून घ्यावा.

मालकाला न विचारता पहारेकरी बदलल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्कीवर बंदी घातली, तेव्हा सप्टेंबरात तिथल्या अनेक ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून ते आपोआप निघाले आणि अल्ट्राएव्ही नावाचे दुसरेच येऊन बसले. लोक हैराण झाले.

पडद्यावर 'मुदत संपली, या नंबरवर फोन करा' असे आले, तर फोन करू नये, परक्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नये. आणि हे काम रिटर्न भरण्याच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी काढू नये.