महागडा हेडफोन, तरी आवाज पोकळच? आधी गळती शोधा

बेळगाव : खडेबाजारातून नाहीतर ऑनलाइन मागवून दोन-चार हजारांचा ब्लूटूथ हेडफोन घ्यायचा, आठ दिवस खूश राहायचं आणि नंतर 'जुन्या वायरवाल्यातच मजा होती' म्हणत बसायचं, असं अनेकांचं होतं. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो : याच्याहून वरचं मॉडेल घ्या. पण पुष्कळदा दोष हेडफोनमध्ये नसतोच. तो असतो फोनच्या सेटिंगमध्ये, ॲपमध्ये किंवा कानात नीट न बसलेल्या रबरी टोपीत. मग नवा हेडफोन घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गाणं कानापर्यंत पोचायला पाच टप्पे पार करतं : ॲप किंवा फाइल, फोन, मधली वाट म्हणजे ब्लूटूथ नाहीतर वायर, हेडफोन आणि शेवटी कानावरची त्याची बैठक. यातला सर्वांत कच्चा टप्पा जेवढा आवाज पुढे सोडेल, तेवढाच कानात येतो. म्हणून खर्च करण्याआधी गळती कुठे आहे ते बघायला हवं. बहुतेक दुरुस्त्या फुकटात होतात.

सुरुवात कानापासून

कानात घालायच्या इअरबड्सचा बास, म्हणजे खर्जाचा भाग, फटीतून गळतो. टोपी सैल असली की तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही आणि सगळा आवाज पत्र्यासारखा लागतो. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या दिलेल्या असतात, पण बहुतेक जण आधी बसवलेली मधलीच वापरत राहतात. तिन्ही घालून बघाव्यात. दोन्ही कानांचं माप सारखंच असेल असंही नाही. मोठ्या हेडफोनमध्ये हीच गळती चष्म्याच्या काडीमुळे किंवा चपट्या झालेल्या गादीमुळे होते.

एका बाजूचा आवाज कमी येत असेल तर जाळीवर मळ साचलाय का ते बघा. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून तो झाडावा. आत पिन खुपसू नये. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स सरकलेला नाही ना, 'मोनो ऑडिओ' चुकून चालू नाही ना, हेही बघून घ्यावं.

ॲपमध्येच पातळ झालेला आवाज

डेटा वाचवण्यासाठी बरीच ॲप्स आवाजाचा दर्जा आपोआप उतरवतात. उदाहरणार्थ, स्पॉटिफायमध्ये सर्वांत खालची पायरी साधारण २४ केबीपीएसची, तर 'व्हेरी हाय' ३२० केबीपीएसची आहे. ही वरची पायरी पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. बसमध्ये नेटवर्क ये-जा करत असतं, तेव्हा 'ऑटोमॅटिक' ठेवलं की दर्जा खाली येतो. त्यापेक्षा घरच्या वायफायवर चांगल्या दर्जात गाणी डाउनलोड करून ठेवावीत. डाउनलोडचा दर्जा ठरवण्याची सेटिंग बहुधा वेगळी असते, ती विसरू नये.

मूळ मुद्रणाची मर्यादा मात्र कुठलाही हेडफोन ओलांडू शकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना मागे जी खरखर येते ती मुळातलीच. ती घालवायला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथची अरुंद वाट

सीडीवरचं संगीत सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा घेतं. नेहमीच्या ब्लूटूथवरून एवढा माल जात नाही. म्हणून फोन तो दाबून लहान करतो आणि हेडफोन पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. गंमत अशी, की फोन आणि हेडफोन दोघांनाही येत असलेलाच कोडेक चालतो. एकाला येतो आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर जोडी खालच्या पायरीवर उतरते.

संगीतासाठीच्या नेहमीच्या ब्लूटूथमध्ये सगळ्यांना येणारा कोडेक म्हणजे एसबीसी, चांगल्या जोडणीत साधारण ३२८ केबीपीएस. त्यानंतर एएसी आहे. क्वालकॉमचे ॲपटेक्स आणि ॲपटेक्स एचडी अनुक्रमे ३५२ आणि ५७६ केबीपीएसपर्यंत जातात. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसवर चालतो. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून एलडॅक अँड्रॉइडमध्येच समाविष्ट आहे.

इथे पैशाचा मुद्दा येतो. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच चालवतो. एलडॅक किंवा ॲपटेक्स लिहिलेला महाग हेडफोन आयफोनला जोडला तरी गाणं एएसीवरच चालणार. त्या नावासाठी मोजलेली जादा रक्कम पाण्यात. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावाशेजारच्या चक्रावर टिचकी मारली की 'एचडी ऑडिओ' किंवा कोडेकचं नाव दिसतं. ते बंद असेल तर चालू करावं. काही मॉडेलमध्ये एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप जोडला की वरचा कोडेक बंद पडतो. तेव्हा मन लावून ऐकायचं असेल तर एकच जोडणी ठेवावी.

आकडा मोठा म्हणजे आवाज चांगलाच, असंही समजू नये. नीट चालणारा एएसी आणि एलडॅक यांतला फरक अनेकांना शांत खोलीतही सांगता येत नाही. उलट गर्दीच्या स्टँडवर ९९० चा हट्ट धरला तर गाणं तुटतं, कारण ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं त्याच पट्ट्यात वायफायचीही वर्दळ असते. माणसाचं शरीरही या लहरी अडवतं. मागच्या खिशातला फोन वरच्या खिशात ठेवला तरी कधी कधी तुटणं थांबतं.

माइक सुरू झाला की संगीत बसतं

लॅपटॉपवर ऑनलाइन क्लास किंवा मीटिंग सुरू होताच आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडला म्हणून तो परत पाठवणारेही आहेत. खरं कारण वेगळं आहे. हेडफोनचा माइक वापरात आला की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ संगीताची स्टिरिओ वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर जातं. तिथे आवाज मोनो आणि अगदी मर्यादित असतो. नव्या एलई ऑडिओ पद्धतीत हे सुधारतंय, पण त्यासाठी दोन्ही उपकरणं त्या पद्धतीची हवीत.

तोवर उपाय सोपा आहे. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, ऐकण्यासाठी हेडफोन राहू द्या. ऑनलाइन गाणं शिकणाऱ्या मुलांना याने पेटीचा सूर नीट ऐकू येतो.

वायर जोडली म्हणजे झालं?

वायर जोडली की ब्लूटूथचं दाबणं टळतं आणि आवाज मागे पडत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा ट्रॅकवर रियाज करणाऱ्यांना तीच वाट बरी. पण वायरलेस हेडफोनला वायर लावल्यावर काय होतं, हे मॉडेलवर अवलंबून असतं.

पहिला प्रकार : हेडफोन बंद ठेवून ३.५ मिमीची वायर लावली. बॅटरी लागत नाही, पण आवाज सुधारणारी आतली इलेक्ट्रॉनिक व्यवस्थाही झोपलेली असते. त्यामुळे काही हेडफोन वायरवर उलट मंद आणि मळकट वाजतात. दुसरा प्रकार : वायर लावून हेडफोन चालू ठेवला. यात काही मॉडेल वायरमधून आलेला आवाज पुन्हा डिजिटल करून त्यावर आपली प्रक्रिया करतात. दोन्ही करून बघावं आणि कानाला बरं वाटेल ते ठेवावं.

तिसरा प्रकार यूएसबी-सीचा. सोबत आलेली केबल बहुधा फक्त चार्जिंगची असते. माहितीपत्रकात 'यूएसबी ऑडिओ' असेल तरच त्यातून गाणं जातं. ॲपलने यूएसबी-सीवाल्या एअरपॉड्स मॅक्सला केबलवरून लॉसलेस ऐकण्याची सोय २०२५ साली अपडेटने दिली. छोट्या इअरबड्सना मात्र सहसा वायरची वाटच नसते.

फोनला ३.५ मिमीची खोबण नसेल तर यूएसबी-सी ॲडॅप्टर लागतो. तो घेताना आत 'डॅक' चिप आहे का ते विचारावं. चिप नसलेला स्वस्त ॲडॅप्टर अनेक फोनवर चालतच नाही.

बास वाढवण्याआधी

फोन, ॲप आणि हेडफोनचं स्वतःचं ॲप या तिन्ही ठिकाणी इक्वलायझर असतो. तिन्हीकडे बास वाढवला की आवाज फाटतो आणि गायकाचा गळा ढोलाखाली गाडला जातो. एकाच ठिकाणचा चालू ठेवावा, बाकीचे सपाट. हवं ते वाढवण्यापेक्षा नको ते थोडं कमी करणं चांगलं.

शेवटची गोष्ट पैशापेक्षा मोठी. बसच्या घरघरीत गाणं ऐकू यावं म्हणून आवाज चढवला जातो आणि तिथेच कानांचं नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. नीट बसलेली टोपी किंवा नॉइज कॅन्सलेशन इंजिनाची घरघर कमी करतं, म्हणजे कमी आवाजातही गाणं स्पष्ट लागतं. चालताना, गाडी चालवताना मात्र बाहेरचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

तेव्हा टोपी, जाळी, ॲपचा दर्जा, कोडेक, माइक आणि वायर या क्रमाने एकदा तपासून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं करूनही आवाज पटला नाही, तरच दुकानाची पायरी चढावी. जाताना आपला फोन आणि ओळखीचं एक गाणं डाउनलोड करून न्यावं, आणि त्यावरच नवा हेडफोन पारखावा.