पिता, पुत्र आणि पंडिता

आष्टीच्या माणसाला ख्रिस्ती धर्म म्हटला की आधी नगर आठवते. तालुका बीड जिल्ह्याचा, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. पण दवाखाना, कॉलेज, मोठी खरेदी यांसाठी आमची पावले वळतात ती नगरकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू आष्टीपर्यंत रेल्वे आली, तीही तिकडूनच. आता अहिल्यानगर झालेल्या या शहरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने ठाणे मांडले. १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ इथेच गेला.

ख्रिस्ती शेजाऱ्याला आपल्याकडे हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : देव एक म्हणता, मग त्याला मुलगा कसा? अल्लाहने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही, ही मुसलमानांची श्रद्धा. निर्गुण ब्रह्म मानणाऱ्यालाही ही बाप-लेकाची भाषा अडते. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते, तेव्हा ख्रिस्ती मताची अशीच उलटतपासणी होत होती. प्रश्न रास्त आहे. खुद्द ख्रिस्ती मंडळीत तो चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इतका पेटला की सम्राटाला मध्ये पडावे लागले.

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया या गावी (आजच्या तुर्कस्तानातले इझनिक) बिशपांची परिषद बोलावली. २०२५ साली त्या घटनेला १७०० वर्षे झाली. वादाच्या एका बाजूला होता अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू. त्याचे म्हणणे वरवर पाहता सरळ होते : पिता अनादी आहे, पुत्र कितीही थोर असला तरी पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून एके काळी तो नव्हता. परिषदेने हे नाकारले. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्यापासून अनादिकाळापासून आहे आणि दोघांचे तत्त्व एकच आहे, असे तिने ठरवले. इथे ‘जन्म’ शरीराचा नाही आणि काळातलाही नाही. पुढे पन्नास वर्षे या मताची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसला सूर्य आणि त्याचा प्रकाश हा दाखला प्रिय होता : प्रकाश सूर्यापासून येतो, पण प्रकाशाआधी सूर्य एकटाच होता असा क्षण दाखवता येत नाही. याच मतापायी अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. ३८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग जोडून निकियाचा मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) पुरा केला.

पण पुत्र पित्याच्या तोडीचा आहे, तर तो पित्याची प्रार्थना का करतो? शुभवर्तमानातला येशू रात्ररात्र प्रार्थना करतो. गेथशेमाने बागेत तो गुडघे टेकून, हे दुःख टळो, पण माझ्या नव्हे तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे विनवतो. शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला आहे, असेही तो सांगतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो आणि पिता एक असल्याचे म्हणतो आणि चौदाव्या अध्यायात पिता आपल्याहून थोर असल्याचे. चर्चचे उत्तर असे : पुत्र पित्याशी समान असूनही त्याने ती थोरवी धरून ठेवली नाही, माणूस होऊन दासाचे रूप घेतले. तेव्हा आज्ञापालन हे त्याच्या कमीपणाचे नव्हे, प्रेमाचे लक्षण. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचे मांडले, त्यामागेही हीच ओढाताण होती.

हा वाद मराठी मनात कसा घुमला ते पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. माझ्या मते या विषयावर मराठी माणसाने केलेला सर्वांत प्रामाणिक झगडा त्यांचाच आहे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी लोकनिंदा पत्करून संस्कृत शिकवले. घराणे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले, आणि तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथे त्या ब्राह्मो समाजाच्या सहवासात आल्या : एकच निराकार देव, मूर्ती नाही, अवतार नाही. पतीच्या निधनानंतर चिमुकल्या लेकीला, मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे वाँटेजला वाटले असावे. मिटला नव्हता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत-शिकवत असताना १८८५ च्या सुमारास रमाबाईंनी जेराल्डिनबाई आणि प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिलेली पत्रे म्हणजे पिता-पुत्र संबंधावरचा एक सलग वाद आहे. येशूला देवाने पाठवलेला ख्रिस्त आणि तारणारा मानायला त्या तयार होत्या. पण तो सर्वोच्च देवच, हे त्यांना बायबलमधून निघताना दिसत नव्हते. अँग्लिकन चर्चच्या अथनेशियन मतांगीकारात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघेही देव, तरी देव तीन नव्हेत, असे सांगून, हे न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावलेले आहे. ते म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. आपण मानत नाही ते मनोरमेला शिकवले जाऊ नये, असेही त्यांनी कळवले. धर्ममातेला हा गर्व वाटला. रमाबाईंचे म्हणणे होते की देवाने आपल्याला विवेक दिला आहे आणि तो कुणा धर्माधिकाऱ्याच्या हाती सोपवायला आपण बांधील नाही.

मला यात गर्व दिसत नाही. असंख्य देवतांच्या पुराणांतून बाहेर पडून एका देवापाशी पोहोचायला ज्या स्त्रीने घरदार आणि जात गमावली, तिला हे त्रित्व म्हणजे पुन्हा मागे लोटले जाण्यासारखे वाटले तर त्यात नवल काय? निकियाच्या बिशपांनाही या प्रश्नाने पन्नास वर्षे झुंजवले होते. पंचविशीतल्या विधवेने तो दोन वर्षे सोडला नाही, यात श्रद्धेचा अभाव नाही. देवाविषयी खोटे काही बोलायचे नाही ही कळकळ आहे.

बील बाईंनी रमाबाईंना समान पातळीवरून उत्तरे दिली. आणखी एकाचा आधार मोठा ठरला : फादर नेहेम्या गोरे. मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले, ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिणारे. येशूच्या ईश्वरत्वाविषयी शंकांच्या खाईतून ते स्वतः गेले होते. त्यामुळे शंका घेणाऱ्याला ते दटावत नसत. शास्त्रीबुवांच्या शिस्तीने ते वचनाला वचन लावत. आपले मन वळवण्याचे श्रेय रमाबाईंनी त्यांना मोकळेपणाने दिले. तरी रमाबाईंचे पूर्ण समाधान बुद्धीने झाले नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. तो अनुभव त्यांना भारतात परतून काढलेल्या शारदा सदनाच्या (विधवांसाठीच्या शाळेच्या) काळात, १८९१ च्या सुमारास आला.

रमाबाईंच्या शंकेपाशीच थांबलेलीही माणसे होती. १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाने येशूच्या शिकवणीला मान दिला, देवपण दिले नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला शिकले तेही युनिटेरियन पंथाच्या मदतीने. पिता एकटाच देव, असे मानणारा हा ख्रिस्ती पंथ.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत असे. एक तत्त्व की दोन, या वादात त्यांचे मन रमले नाही. ज्या देवाला विठाई म्हणून हाक मारायची आपली रीत, त्याच रीतीने त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले. पित्याचे वात्सल्य पुत्रात दिसते, ही ख्रिस्ती शिकवण त्यांच्या अभंगांत वारकऱ्याला सहज कळेल अशी उतरली. नगर भागातल्या मंडळ्यांनी ही भजने टाळ-मृदंगावर म्हटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पतीचा धर्म पाच वर्षे दूर ठेवला, मग स्वतःच्या निर्णयाने १९०० मध्ये स्वीकारला. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होते. त्यातले बहुतेक अध्याय नंतर लक्ष्मीबाईंनी लिहिले.

रमाबाईंनी केडगावला (नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले) मुक्ती मिशन उभारले, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना तिथे आणले आणि उतारवयात एक काम हाती घेतले : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या. योहानाचा दहावा अध्याय त्यांनीच मराठीत आणला आणि चौदावाही. चेल्टनहॅममध्ये ज्या प्रश्नावर त्या भांडल्या होत्या, त्याविषयीची ही दोन्ही वचने त्यांच्या हाताखालून गेली. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. मुक्तीच्या छापखान्यातून ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. जुळणी-छपाईचे काम तिथल्याच मुलींनी आणि बायांनी केले होते.