अडीच घटका

सुश्रुताचार्यांनीं आपल्या संहितेच्या चिकित्सास्थानांतील दुसरा अध्याय सबंध सद्योव्रणाला दिला आहे. सद्योव्रण म्हणजे बाह्य आघातानें नुकताच झालेला व्रण; छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे त्याचे सहा प्रकार. बाण व तलवारी गेल्या, मोटारी व यंत्रें आलीं. त्यामुळें पिच्चित, म्हणजे चेंगरलेला, हा प्रकार बळावला एवढेंच. अशा जखमींसाठीं मोठ्या शहरांतून स्वतंत्र आघात-रुग्णालयें असतात. लोक त्यांस ट्रॉमा सेंटर म्हणतात. त्यांच्या आंत काय चालतें हें सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतें, आणि प्रसंग ओढवला म्हणजे दाराबाहेर बसलेलीं माणसें भलताच अर्थ काढून अधिकच दुःखी होतात. आमचें हें लिहिणें त्यांच्याकरितां आहे.

ह्या संस्थांत बर्मिंगहॅमचें अपघात-इस्पितळ आद्य मानतात. तें १९४१ सालीं, युद्ध ऐन भरांत असतां निघालें. तेथील प्रमुख शल्यवैद्य विल्यम गिसेन ह्यांचा आग्रह असा कीं, जखमी मनुष्य इतर रोग्यांपासून वेगळा ठेवावा, आरंभापासून शेवटपर्यंत तो एकाच मंडळीच्या हातीं असावा, आणि जखम भरली म्हणजे आपलें काम संपलें असें वैद्यांनीं मानूं नये. तें इस्पितळ १९९३ सालीं बंद झालें. आग्रह मात्र जगभर पसरला. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें आर. अ‍ॅडम्स कौली ह्यांनीं आघातानंतरच्या पहिल्या तासास ‘सुवर्ण-तास’ म्हटलें, आणि तेथें पोलिसांचीं हेलिकॉप्टरें जखमींस आणूं लागलीं. आपल्या जुन्या कालगणनेंत हा तास बरोबर अडीच घटकांचा होतो. तो अक्षरशः घड्याळाचा तास मात्र समजूं नये. कोणी दहा मिनिटांतच दगावतो, कोणास अधिक अवधि मिळतो.

बाहेरच्या मंडळींस पहिला धक्का बसतो तो असा कीं, कोणी धड विचारपूसच करीत नाहीं. “अहो, काय झालें तें ऐकून तर घ्या,” असें म्हणावें, तों आंत रोग्याचे कपडे कात्रीनें कापले जात असतात. इतर आजारांत आधीं निदान व मागून उपचार. येथें तसें थांबतां येत नाहीं. जो दोष सर्वांत आधीं प्राण नेईल त्याच्यावर प्रथम हात. भळभळणारें रक्त थांबविणें, मान हलूं न देतां श्वासमार्ग मोकळा करणें, छाती तपासणें, रक्ताभिसरण सांभाळणें, मग मेंदूची शुद्धि पाहणें, आणि सर्व अंग उघडें करून पाठीपर्यंत तपासून लगेच ऊब देणें. मोडका हात कितीहि भेसूर दिसला तरी त्याची पाळी पुष्कळ मागून येते.

ह्या क्रमाचें जगभर शिक्षण सुरू झालें तें एका बापाच्या दुःखांतून. जेम्स स्टायनर हे अमेरिकेंतील अस्थिशल्यवैद्य. १९७६ च्या फेब्रुवारींत ते चालवीत असलेलें विमान नेब्रास्का प्रांतांत एका शेतांत कोसळलें. पत्नी जागींच गेली, चार मुलांपैकीं तिघें अत्यवस्थ झालीं. रस्त्यावरची मोटार थांबवून त्यांनीं मुलांस जवळच्या लहान इस्पितळांत नेलें, तेथें पुढें काय करावें ह्याचा कोणास सुमार नव्हता. स्टायनर शोक करीत बसले नाहींत. सहकाऱ्यांसह त्यांनीं खेड्यांतील डॉक्टरांकरितां पाठ तयार केला. १९७८ सालीं पहिला वर्ग भरला आणि १९८० सालीं अमेरिकेच्या शल्यवैद्य-महाविद्यालयानें तो स्वीकारला.

मोठ्या केंद्रांत रोगी पोंचण्यापूर्वींच रुग्णवाहिकेचा निरोप येतो. भूल देणारा, शल्यवैद्य, परिचारिका, क्ष-किरण घेणारा, सर्व आपापल्या जागीं उभे असतात. त्यांचा नायक पलंगाच्या पायथ्याशीं असतो व शक्य तोंवर रोग्यास हात लावीत नाहीं. यज्ञांत ब्रह्मा हा ऋत्विज स्वस्थ बसून सर्व कर्मावर नजर ठेवतो, तेंच हें काम. ज्यास हा मनुष्य रिकामा उभा आहे असें वाटतें, त्यानें यज्ञ पाहिलेला नसावा!

रक्त गेलेल्यास हल्लीं नुसतें मिठाचें पाणी फार चढवीत नाहींत. रक्तपेशी, रक्तद्रव व बिंबिका सुमारें सारख्या प्रमाणांत देतात. त्याबरोबर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हें स्वस्त औषध असतें. तें जपानच्या ओकामोटो दांपत्यानें शोधलें. २०१० सालीं वीस हजारांहून अधिक जखमींवरील प्रयोगांत त्यानें मृत्यु कमी होतात असें ठरलें. मात्र तें तीन तासांच्या आंत द्यावें लागतें.

सर्वांत मोठा गैरसमज शस्त्रक्रियेविषयीं. “पोट उघडें ठेवून बाहेर आणलें!” असा आक्रोश होतो. वस्तुतः फार रक्त गेलेलें शरीर थंड पडतें, रक्तांत आम्ल वाढतें, रक्त गोठेनासें होतें, आणि ह्या तिहींच्या फेऱ्यांत लांब शस्त्रक्रियाच घातक ठरते. म्हणून रक्तस्राव तेवढा थांबवून, आंत पट्ट्या भरून, रोग्यास अतिदक्षता विभागांत उबेंत ठेवतात. एक-दोन दिवसांनीं उरलेलें काम पुरें करतात. काम मधेंच सोडण्याचें हें धैर्य, आमच्या मतें, शिवून मोकळें होण्यापेक्षां मोठें आहे.

इंग्लंडांत २०१२ पासून गंभीर जखमीस शक्य तेथें जवळचें इस्पितळ ओलांडून थेट मोठ्या केंद्रांत नेतात. आपल्या महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. मदतीस जावें तर पोलिसांचें लचांड, ही जुनी धास्तीहि आतां बाळगूं नये. २०१९ च्या सुधारणेनें मोटार-वाहन कायद्यांत आलेल्या १३४-अ कलमान्वयें, जखमीस सद्बुद्धीनें नेणारावर आपलें नांव-गांव सांगण्याची सक्ती करतां येत नाहीं.

गाडी येईपर्यंत वाहत्या जखमेवर स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें, मान वळवूं नये, बसतें करूं नये. आणि घोटभर पाणी पाजण्याची आपली जुनी माया आवरावी. बेशुद्धाच्या तोंडांतील पाणी फुप्फुसांत उतरतें, आणि शुद्धीवर असलेल्यासहि थोड्याच वेळांत भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.