डोकं कुणाचं, धड कुणाचं?

‘उसनं आणि आपलं’ : लेखांक ५

गेल्या लेखांकात आपण सांगलीला होतो. उत्तर कन्नडातल्या कर्कीची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीत खेळ करून गेली, चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसलंच काही, पण अधिक नेटकं, मराठीत करायला सांगितलं आणि पुढच्याच वर्षी ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. मराठी रंगभूमीचा जन्म ‘तसं करून दाखवा’ या हुकमातून झाला, इथवर आलो होतो. ते देणं कन्नडचं होतं. आज कन्नडमधल्याच एका नाटककाराचा हिशेब मांडू. गिरीश कार्नाड. जन्म १९३८ चा, माथेरानचा. घरची भाषा कोकणी, लेखनाची कन्नड. अनेक वर्षं मुक्काम बेंगळुरूला, जे. पी. नगरात. ज्यांना नाटकातलं फारसं ठाऊक नाही त्यांनाही ‘उंबरठा’तला स्मिता पाटीलचा वकील नवरा आठवेल. तेच हे.

त्याच जे. पी. नगरात ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृह आहे. नाटक सुरू झालं की उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. (आपल्याकडच्या काही नाट्यगृहांनी एवढी एकच नक्कल केली तरी उपकार होतील.) नट-दिग्दर्शक शंकर नाग १९९० मध्ये मोटार अपघातात गेले, त्यांच्या मनातलं हे नाट्यगृह त्यांच्या पत्नी, अभिनेत्री अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये उभं करून दाखवलं. दोघंही मुंबईच्या रंगभूमीवर घडलेली, मराठी नाटकांतून कामं केलेली.

२००५ मध्ये इथे कार्नाडांचं ‘ओडकलु बिंब’ आलं. रंगमंचावर एकच नटी, स्वतः अरुंधती नाग, आणि दूरचित्रवाणीचा एक पडदा. मंजुळा नायक ही कन्नड कथालेखिका. कन्नडमध्ये तिचं नाव बेताचंच. पण इंग्रजीत लिहिलेली तिची पहिलीच कादंबरी जगभर गाजली आहे. (पुलंच्या फुलराणीचं नावही मंजुळा. हा योगायोग, त्यात कुणी उसनवारी शोधू नये.) कादंबरीवरच्या चित्रपटाआधी ती स्टुडिओत प्रास्ताविक करते, आपल्या अपंग बहिणीबद्दल, मालिनीबद्दल, हळवं बोलते. भाषण संपवून ती निघते, तर पडद्यावरची तिची छबी जागची हलत नाही. उलट तिलाच प्रश्न विचारायला लागते. हळूहळू उलगडतं ते असं की कादंबरी मंजुळाची नाहीच. लिहिली मालिनीने. मालिनी वारली आणि पुस्तकावर नाव लागलं मंजुळाचं. त्याहून बोचरं म्हणजे कादंबरीत एक खुनशी बाई आहे आणि ते पात्र मंजुळावरूनच बेतलेलं आहे. स्वतःची ती बदनामीसुद्धा तिने स्वतःच्या नावावर छापून घेतली.

प्रयोगातली मेख अशी की पडद्यावरची छबी आधीच चित्रित केलेली असते. तिच्या बोलण्यात जेवढ्या फटी ठेवल्या असतील तेवढ्यातच समोरच्या नटीने आपली वाक्यं बसवायची. छबी अडखळत नाही, खोकला आला म्हणून थांबत नाही, प्रेक्षक हसले म्हणून वाट पाहत नाही. जितीजागती बाई आपल्याच नकलेच्या तालावर चालते. नाटकाचा विषय रंगमंचावर असा डोळ्यांनी दिसणं ही साधी गोष्ट नव्हे.

नाटकाचं इंग्रजी नाव ‘अ हीप ऑफ ब्रोकन इमेजेस’. तेही उसनं, टी. एस. एलियटच्या १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’मधून घेतलेलं. आणि ती कविता तरी कुठे सगळी एलियटची? दांते, शेक्सपिअर, उपनिषदं अशा दहा ठिकाणांहून तो ओळी आणि शब्द गोळा करतो, आणि पुस्तकाच्या शेवटी टिपा देऊन काय कुठून आणलं ते बरंचसं सांगूनही टाकतो. उचलेगिरीवरच्या नाटकाला असं उचललेलं नाव देताना कार्नाड मनात हसले असणार, असं मला वाटतं.

कारण स्वतः कार्नाड आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथांवर जगले. ‘ययाती’ महाभारतातला, ‘तुघलक’ इतिहासातला, ‘तलेदंड’ बसवण्णांच्या कल्याणमधला, ‘अग्नी मत्तु मळे’ पुन्हा महाभारतातला. ज्या नाटकांनी त्यांना मोठं केलं त्यांतली स्वतःच्या डोक्यातून निघालेली कथानकं शोधू गेलात तर हाती फार थोडं लागेल. मग मंजुळा चोर आणि कार्नाड नाटककार, हा निवाडा कशाच्या जोरावर करायचा?

‘हयवदन’ घेऊ, म्हणजे पुरावा नीट तपासता येईल. १९७१ चं हे नाटक. त्याची कथा तीन मुक्काम करून आली आहे.

पहिला मुक्काम अकराव्या शतकातलं काश्मीर, सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’, त्यातली वेताळाची एक गोष्ट. धवल नावाच्या धोब्याचं मदनसुंदरीशी लग्न होतं. ती, तिचा नवरा आणि तिचा भाऊ प्रवासात असताना वाटेत देवीचं देऊळ लागतं. नवरा आत जातो आणि भक्तीच्या भरात स्वतःचं शिर कापून वाहतो. भाऊ पाहायला जातो, तोही तेच करतो. मदनसुंदरी गळफास घ्यायला निघते तेव्हा देवी प्रसन्न होऊन म्हणते, शिरं जोड, दोघंही उठतील. घाईत ती शिरांची अदलाबदल करते. वेताळ राजाला विचारतो : आता नवरा कोण? राजा सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर आहे तो; कारण सर्व गात्रांत शिर श्रेष्ठ. वेताळ पुन्हा झाडावर. गोष्ट खलास.

दुसरा मुक्काम जर्मन. टोमास मानने १९४० मध्ये ही गोष्ट घेऊन छोटी कादंबरी लिहिली. त्याने भाऊ काढून मित्र घातला : बुद्धीने तल्लख पण अंगाने नाजूक श्रीदमन आणि धट्टाकट्टा नंद, मधे सीता. या एका बदलाने गोष्टीचा नूर पालटला. भावाच्या धडाचा प्रश्न शरमेचा होता, मित्राच्या धडाचा प्रश्न वासनेचा झाला. आणि राजाने जिथे गोष्ट संपवली तिथून मानने ती चालू केली. डोकं श्रेष्ठ ठरलं, ठीक. पण मग त्या डोक्याने बळकट धडाचं काय केलं? हळूहळू ते आपल्यासारखंच मऊ करून टाकलं.

तिसरा मुक्काम कार्नाडांचा. त्यांचे देवदत्त, कपिल आणि पद्मिनी हे मानच्या तिघांचेच वंशज. बदललेली धडं पुन्हा मूळ वळणावर जातात, दोघं मित्र एकमेकांना मारतात, बाई सती जाते, हा सगळा मार्ग मानने आखलेला. कार्नाडांच्या चाहत्यांना हे ऐकायला फारसं आवडत नाही, पण नाटकाचा मधला भाग सरळसरळ मानच्या पायवाटेवरून चालतो. खुद्द कार्नाडांना मात्र त्यात कमीपणा वाटला नाही. छापील इंग्रजी ‘हयवदन’च्या टिपेत त्यांनी कथासरित्सागराचं नाव घेतलं आहे, मानकडून भरपूर घेतल्याचं कबूल केलं आहे, आणि परवानगी दिल्याबद्दल मानच्या पत्नीचे आभारही मानले आहेत.

मग त्यांचं स्वतःचं काय? पहिलं म्हणजे खुद्द हयवदन : घोड्याचं तोंड आणि माणसाचं अंग घेऊन जन्मलेला, पूर्ण होण्यासाठी तडफडणारा. तो देवीकडे जातो आणि पूर्ण होतो, पण पूर्ण घोडा. वर माणसाचा आवाज शिल्लक! दुसरी देवी. कार्नाडांची काली झोपेतून उठवल्यासारखी जांभया देते, आणि पद्मिनीची शिरं खरंच चुकून बदलली का, यावर तिचा फारसा विश्वास दिसत नाही. तिसरं, घरात बसून सगळं पाहणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या बाहुल्या. आणि चौथी सांगण्याची रीत : भागवत, मुखवटे, अर्धा पडदा, आधी गणेशपूजन. ही रीत यक्षगानाची. कर्कीची मंडळी सांगलीला घेऊन आली होती तीच परंपरा. जर्मनीहून परतलेली गोष्ट कार्नाडांनी शिरसीत लहानपणी पाहिलेल्या खेळांच्या बोलीत सांगितली.

माझी कसोटी यावरून ठरली आहे. उसनं घेतलेलं परत करून टाका आणि काय उरतं ते पाहा. मालिनीची कादंबरी काढून घेतली की मंजुळाच्या हातात नावाचा शिक्का उरतो, दुसरं काही नाही. मानला त्याचं सगळं परत दिलं तरी ‘हयवदन’मध्ये घोडा उरतो, जांभई देणारी देवी उरते, बाहुल्या आणि भागवत उरतात, आणि पूर्ण माणूस म्हणजे कोण हा प्रश्न उरतो. तो वेताळाने विचारला नव्हता, मानने या रूपात विचारला नव्हता.

हीच कसोटी ‘ययाती’ला लावता येते, आणि तिथे मराठी वाचकाला साक्षीला बाहेर जायची गरज नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, कार्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाती’ १९६१ चं. दोघांचं मूळ एकच, आदिपर्व. खांडेकर भोगाच्या न संपणाऱ्या तहानेकडे पाहतात आणि संयमी कचाला त्याच्यासमोर उभं करतात. तेव्हा विशीत असलेले कार्नाड मुलाकडून पाहतात : बापाचं म्हातारपण पोराने का घ्यावं? आणि घेतलंच, तर त्याच्या नव्या नवरीने काय करावं? पुरूची बायको चित्रलेखा त्यांनी स्वतः घडवली आणि शेवटी तिलाच विष घ्यायला लावलं. एकाच विहिरीचं पाणी, दोन वर्षांच्या अंतराने. कोण कुणाची नक्कल हा प्रश्नही कुणाला पडला नाही.

आता कायदा. तो या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका उदार आहे. आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ मध्ये दिल्लीत झालं. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतल्या मुलामुलींचं प्रेम आणि प्रांताभिमान हा विषय. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, तो जवळजवळ याच विषयावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये निकाल आनंद यांच्या विरुद्ध लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : कल्पना, विषय, कथासूत्र, पुराण-इतिहासातल्या घटना यांवर कुणाचीही मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, रचनेवर, शब्दरूपावर. सामान्य प्रेक्षकाने दोन्ही पाहून ‘ही त्याचीच नक्कल’ असं ठामपणे म्हटलं तर गुन्हा. चित्रपटात घर भाड्याने देताना होणारा भेदभाव आणि हुंडा हेही विषय होते, म्हणून तो वेगळा ठरला.

पण कायद्यात बसणं वेगळं आणि सभ्यपणा वेगळा. कार्नाडांनीच दिग्दर्शित केलेला ‘ओंदानोंदु कालदल्ली’ हा १९७८ चा चित्रपट; शंकर नाग त्यातूनच पुढे आले. भाडोत्री लढवय्यांच्या त्या गोष्टीवर कुरोसावाच्या सामुराईपटांची छाप उघड आहे आणि तो कुरोसावाला मानवंदना म्हणूनच ओळखला जातो. उलट सेर्जिओ लिओनीने कुरोसावाचा ‘योजिंबो’ न विचारता घेतला, १९६४ मध्ये ‘फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ केला, आणि दावा लागल्यावर उत्पन्नातला वाटा द्यावा लागला. लिओनीचा चित्रपट वाईट होता का? मुळीच नाही. माझ्या कसोटीवर तो उतरतोसुद्धा. फक्त विचारलं नाही, सांगितलं नाही. आपल्याकडे ‘संशयकल्लोळ’ करताना देवलांनी मोलिएरचं देणं जेवढं पचवून आपलं केलं तेवढं आज कुणी करत नाही. जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक टायपात ‘आधारित’ लिहिलं की काम झालं, अशी समजूत आहे. कशावर आधारित, कुणाच्या, हे भिंग घेऊनही सापडत नाही.

कार्नाडांनी या साऱ्या प्रकरणावर सगळ्यात खोडकर भाष्य केलं ते ‘नागमंडल’मध्ये, १९८८ च्या सुमारास. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवर ते उभं आहे आणि श्रेय रामानुजनांना दिलेलं आहे. अप्पण्णा बायकोला कुलुपात कोंडून बाहेर रमतो. रात्री एक नाग त्याचंच रूप घेऊन राणीकडे येतो. अस्सल नवरा क्रूर, नकली प्रेमळ. राणीचा संसार उभा राहतो तो नकलेच्या जिवावर. त्याच नाटकात एक गोष्ट बाईचं रूप घेऊन येते आणि सांगते की मला ऐकलंत तर पुढे सांगावंच लागेल. गोष्ट दाबून ठेवणं हा तिथे गुन्हा आहे, पुढे देणं हा नव्हे.

‘हयवदन’ मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं आणि विजया मेहतांनी बसवलं. पुढे त्यांनीच ते जर्मनीत जर्मन नटांना घेऊन केलं, म्हणजे मानची उधारी मुद्दलासकट पोचती झाली. खानोलकरांची संहिता मिळाली तर जरूर वाचा, पण त्याआधी कथासरित्सागरातली मूळ गोष्ट वाचा. दोन-तीन पानांचीच आहे. पुढच्या आठवड्यात गाण्याकडे वळू : गुरूची हुबेहूब नक्कल करायला लावणारी तालीम आणि तिच्यातून वेगळा आवाज घेऊन बाहेर पडलेले गायक.