थरथरत्या हातांतला सेंच्युरियन

नांदेडला वडिलांनी सेंच्युरियन रणगाड्याची प्लास्टिक प्रतिकृती जोडायला घेतली, तेव्हा हातांचा कंप वाढलेला होता. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर अशाच रणगाड्यातून लढले. त्यांची सैनिकी कारकीर्द हैदराबाद संस्थानच्या फौजेत सुरू झाली, त्यामुळे वडिलांना ते आपल्याकडचेच वाटतात. १:३५ प्रमाणातला रणगाडा वीतभर. त्याचे सुटे भाग चिमटीत येईनात. १:२५ चा फूटभर होतो, चाके बोटांना लागतात. गोंदाचा वास डोक्यात जातो, म्हणून खिडकी उघडी. रंग पाण्याचे. पाते मी चालवतो. लातूरहून बहीण आली की भागांचे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून देते. कंप गेलेला नाही; पण मी मदतीला हात पुढे केला, तर वडील तो बाजूला सारतात.