हेडलॅम्पच्या वेष्टनावरील तीन शब्द : उजेड, अवधी आणि टिकाऊपणा

बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासाचा बराच भाग सूर्यास्तानंतर होतो, ही गोष्ट ज्यांनी असे काम केले आहे त्यांस सांगावयास नको. मेळघाटातील कोरकू भाषक असोत वा भामरागडकडील माडिया भाषक असोत, दिवसा मंडळी शेतात किंवा रानात असतात. कथा, गाणी, नात्यागोत्यांची नावे यांसाठी सवड सापडते ती रात्रीच्या जेवणानंतर. अशा वेळी संशोधकाचे दोन्ही हात वही आणि ध्वनिमुद्रक यांत गुंतलेले असतात. म्हणून हातातील विजेरीपेक्षा डोक्यास बांधावयाचा दिवा, म्हणजे हेडलॅम्प, त्यास अधिक सोयीचा. हा दिवा मध्येच मंदावला तर टिपण तुटते, आणि वृद्ध निवेदकाने एकदा सांगितलेली कथा दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मिळत नाही. सबब दिव्याची निवड ही किरकोळ खरेदी न समजता संशोधनपद्धतीचाच एक भाग समजणे इष्ट होय.

आजचे हेडलॅम्प एल.ई.डी.वर चालतात. तेजस्वी निळा एल.ई.डी. १९९३ साली जपानमध्ये सिद्ध झाला. त्यामागील संशोधनाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. पेट्झल या फ्रेंच कारखान्याने २००० साली ‘टिक्का’ हा लहानसा एल.ई.डी. हेडलॅम्प बाजारात आणला. पुढे उत्पादक वाढले आणि प्रत्येक जण आपापल्या मापाने दावे करू लागला. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफ.एल. १’ हे मानक तयार झाले. वेष्टनावरील आकडे बहुधा या मानकाच्या परिभाषेत असतात. अडचण अशी की ही परिभाषा व्यवहारातील शब्दांचेच रूप घेऊन येते. अर्थ मात्र व्यवहारातला नसतो. प्रस्तुत लेखात अशा तीन शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पहिला शब्द उजेड. मराठीत ‘उजेड’ आणि ‘झोत’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि भौतिकशास्त्रही येथे दोन निराळी मापे मानते. दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात; एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या झोताची तीव्रता कँडेलामध्ये. मानकानुसार झोताचा पल्ला म्हणजे जेथे प्रकाश ०.२५ लक्स उरतो तेथपर्यंतचे अंतर. हा प्रकाश साधारणतः निरभ्र पौर्णिमेच्या रात्री मोकळ्या मैदानात पडणाऱ्या चांदण्याइतका असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे पल्ला कँडेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट येतो. समजा, ‘क’ हा दिवा ४०० ल्यूमेनचा असून त्याची तीव्रता २,५०० कँडेला आहे, तर त्याचा पल्ला १०० मीटर. ‘ख’ हा दिवा २०० ल्यूमेनचाच आहे, परंतु झोत आवळलेला असल्यामुळे तीव्रता १०,००० कँडेला आहे. त्याचा पल्ला २०० मीटर. यांपैकी ‘अधिक प्रखर’ कोणता, या प्रश्नास एक उत्तर नाही. अंगण उजळावयाचे असेल तर ‘क’, ओढ्यापलीकडची पायवाट शोधावयाची असेल तर ‘ख’.

शिवाय ल्यूमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्यांस उजेड दुप्पट भासत नाही. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या नियमानुसार भासमान तेज हे प्रकाशाच्या सुमारे घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट भास होण्यास जवळजवळ आठपट प्रकाश लागतो. ३०० आणि ४०० ल्यूमेनमधील अंतर किमतीत जेवढे दिसते तेवढे डोळ्यांस दिसत नाही. उलट, वहीत लिहिण्यास किती थोडा प्रकाश पुरतो हे पाहण्यासारखे आहे. अर्ध्या मीटरवर २५ कँडेलाचा मंद, पसरट झोतही १०० लक्स प्रकाश देतो, आणि तेवढ्यात टिपण सुखाने करता येते.

दुसरा शब्द अवधी. ‘दिवा चार तास चालतो’ या वाक्याचा आपण लावतो तो अर्थ असा की चार तास उजेड जवळजवळ सारखा राहतो. मानकाचा अर्थ निराळा आहे. दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांनी जेवढा प्रकाश असेल त्याच्या १० टक्क्यांपर्यंत तो उतरण्यास लागणारा काळ म्हणजे अवधी. म्हणजेच ४०० ल्यूमेनचा दिवा ४० ल्यूमेनवर येईपर्यंत ‘चालू’ गणला जातो. एक दिवा तीन तास उजेड सारखा ठेवून मग एकदम कोसळतो, दुसरा काही मिनिटांतच पाव उजेडावर येऊन तेथे रेंगाळतो. दोघांच्या वेष्टनावर एकच आकडा येऊ शकतो. यासाठी उत्पादकाने प्रकाश व काळ यांचा आलेख दिला असल्यास प्रथम तो पाहावा.

वेष्टनावर ‘४०० ल्यूमेन’ आणि ‘२०० तास’ शेजारी शेजारी छापलेले असतात. वाचक मनातल्या मनात त्यांच्यामध्ये ‘आणि’ घालतो व दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतील असे समजतो. वस्तुतः पहिले विधान सर्वांत प्रखर स्थितीविषयी असते, दुसरे सर्वांत मंद स्थितीविषयी. दोन्ही विधानांचे उद्देश्यच वेगळे. याची पडताळणी साध्या गणिताने करता येते. तीन ‘एएए’ अल्कलाइन सेलांत मिळून सुमारे ४ वॅट-तास ऊर्जा मिळते, असे धरू. असा दिवा प्रति वॅट सुमारे १०० ल्यूमेन देतो असेही धरू. मग एकूण भांडवल ४०० ल्यूमेन-तासांचे झाले: ४०० ल्यूमेन एक तास, १०० ल्यूमेन चार तास, आणि २०० तास चालवावयाचा तर अवघे २ ल्यूमेन. प्रत्यक्षात मोठ्या भाराखाली अल्कलाइन सेलची क्षमता आणखी घटते. ३.६ व्होल्ट व ३ अँपिअर-तासांच्या लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे १०.८ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे भांडवल अडीचपटीहून अधिक. तथापि जेथे वीज बेभरवशाची, तेथे तो सेल पुन्हा भारित कोठे करावयाचा हा प्रश्न उरतोच. ‘एएए’ सेल निदान बाजारच्या गावी मिळतात. दोन्ही प्रकारचे सेल चालणारा दिवा म्हणूनच सोयीचा ठरतो.

तिसरा शब्द टिकाऊपणा. येथे मानक दोनच गोष्टी पाहते : आघात आणि पाणी. आघाताची कसोटी म्हणजे किमान १ मीटर उंचीवरून काँक्रीटवर पाडणे. प्रौढ माणसाचे कपाळ याहून उंच असते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पाण्यासाठी ‘आय.पी.’ संकेत वापरतात. ‘आय.पी.एक्स. ४’ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, ‘आय.पी.एक्स. ७’ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ‘८’ची खोली व काळ उत्पादकाने सांगावयाचा असतो. मधला ‘एक्स’ पुष्कळांस शून्यासारखा वाटतो. त्याचा अर्थ मात्र एवढाच की धुळीविषयी काही सांगितलेले नाही. अनुक्ती म्हणजे नकार नव्हे, हा अर्थविचारातील जुना धडा येथेही लागू पडतो.

दिवा निकामी होतो तो बहुधा एल.ई.डी.मुळे नव्हे. बिजागरी सैल होते, बटण अडकते, पट्ट्याचे इलॅस्टिक लोळागोळा होते, आणि आत विसरलेले अल्कलाइन सेल पाझरून धातूच्या पट्ट्या गंजतात. या गोष्टींचा आकडा वेष्टनावर नसतो. दौऱ्याहून परतताच सेल काढून ठेवणे हा यावरचा बिनखर्ची उपाय होय. कोकणातल्या दमट हवेत तर तो टाळूच नये.

या सर्वांवरून निष्कर्ष असा निघतो की आपल्या कामासाठी सर्वांत मोठ्या ल्यूमेनचा दिवा घेण्याचे कारण नाही. सुमारे १०० ल्यूमेन उजेड काही तास स्थिर ठेवणारा, लिहिण्यासाठी मंद पसरट स्थिती असलेला, निदान ‘आय.पी.एक्स. ४’ दर्जाचा आणि थैलीत आपोआप लागू नये म्हणून कुलूपबंद होणारा दिवा पुरेसा आहे. तांबडा प्रकाश असल्यास अंधारास सरावलेली दृष्टी फारशी बिघडत नाही. चित्रीकरण करावयाचे असेल तर मंद स्थितीत दिवा लुकलुकतो का, हे कॅमेऱ्यातून आधी पाहावे. काही दिवे प्रकाश वेगाने चालूबंद करून मंद करतात आणि त्याचे पट्टे चित्रात उमटतात.

शेवटी एक गोष्ट कोणत्याही मानकात नाही. हेडलॅम्प माणूस जिकडे पाहतो तिकडेच पाहतो. निवेदकाशी बोलताना तो थेट त्याच्या डोळ्यांत जातो. समोरच्या आजी डोळे मिटून, पदर आडवा धरून बोलू लागल्या की ओठांची हालचाल टिपणे तर राहतेच, पण बोलणेही आखडते. म्हणून बसताच दिवा खाली वहीकडे वळवावा.